विधी कोणता, अधिकारी कोण : शुभवर्तमानांच्या वाचनाविषयी प्रस्तावना

कल्याणहून कर्जतकडे निघालेली गाडी विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ ही स्थानके मागे टाकीत बदलापुरास पोहोचते तेवढ्या लहानशा टापूत, ईस्टरपूर्वीच्या गुरुवारी सायंकाळी, एकाच रात्रीची कथा पाचसहा भाषांत वाचली जाते. परंतु ती वाचून झाल्यावर माणसे जे करतात, ते मात्र सर्वत्र एक नसते. कॅथलिक देवळात धर्मगुरू वरचा झगा उतरवून, कमरेला पंचा बांधून गुडघे टेकतात व बारा जणांचे पाय घंगाळातल्या पाण्याने धुतात. केरळातून येऊन येथे स्थायिक झालेल्या सिरो-मलबार कुटुंबांत देवळातला विधी आटोपल्यावर घरचा कर्ता पुरुष बेखमीर अप्पम मोडतो आणि वडीलधाऱ्यांपासून लेकरांपर्यंत क्रमाने वाटतो. मराठी प्रॉटेस्टंट मंडळीत पाळकसाहेब प्रभुभोजनाची भाकर व द्राक्षरस देतात, पाय धुण्याच्या प्रसंगावर कळवळून उपदेशही करतात, पण घंगाळ कोणी आणीत नाही. आणि भाड्याच्या खोलीत, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून, प्रार्थनेसाठी जमणाऱ्या पेंटेकोस्टल मंडळ्यांपैकी कित्येकींत त्या गुरुवारला वेगळे असे स्थानच नसते, कारण दिवसांचे माहात्म्य मानण्याची आज्ञा आपणांस ग्रंथात कोठे आढळत नाही, असे तेथील भाविक मनापासून सांगतात.

हे सारे पाहणाऱ्या माझ्या एका शेजाऱ्यांनी, जे वर्षानुवर्षे पंढरीची वारी करीत आले आहेत, एकदा मला सरळच विचारले : “मास्तर, पुस्तक तर तुमचं एकच ना?” प्रश्नात कुत्सितपणा नव्हता, जिव्हाळा होता, आणि थोडे आश्चर्य होते. मी त्यांना त्या दिवशी जे उत्तर दिले ते अपुरे होते. पुढील पानांत जे लेखन आहे, ते त्या अपुऱ्या उत्तराची भरपाई करण्यासाठी झाले आहे, आणि ते ख्रिस्ती वाचकांइतकेच त्या शेजाऱ्यांसारख्या वाचकांसाठीही आहे.

एका ग्रंथावर अनेक भाष्ये असणे ही गोष्ट मराठी वाचकाला नवीन नाही. ज्या गीतेतून शंकराचार्यांना ज्ञानमूलक संन्यास दिसला, तिच्यातूनच ज्ञानेश्वरांनी भक्तीचा पूर आणला, आणि मंडालेच्या तुरुंगात बसून लोकमान्य टिळकांनी तिच्यातूनच कर्मयोग सिद्ध केला. परंतु शुभवर्तमानांविषयीचा मतभेद समजून घेण्यास मला गीताभाष्यांपेक्षाही आपल्याकडच्या मीमांसकांची एक जुनी विचारपद्धती अधिक उपयोगी वाटते. कोणतेही शास्त्रवाक्य समोर आले म्हणजे मीमांसक प्रथम विचारीत की हा विधी आहे की अर्थवाद. म्हणजे हे वाक्य काही करावयास सांगते, की सांगितलेल्या गोष्टीचे महत्त्व मनावर ठसवते. आणि विधी असेल तर पुढचा प्रश्न, अधिकारी कोण. म्हणजे हे करण्याचे कर्तव्य नेमके कोणाचे. मत्तय, मार्क, लूक व योहान या चौघांनी लिहिलेल्या वृत्तांतांत येशूच्या मुखीचे जे शब्द आले आहेत, त्यांच्या शब्दार्थाविषयी ख्रिस्ती परंपरांत पुष्कळदा फारसे दुमत नसते; दुमत असते ते या दोन प्रश्नांविषयी. माझ्या अल्प अभ्यासात मला सापडलेले मुख्य सूत्र हेच, आणि पुढील सर्व विवेचन त्याच्याच आधाराने उभे आहे.

पाय धुण्याचाच प्रसंग घ्यावा. मत्तय, मार्क व लूक हे तिघे शेवटच्या भोजनाच्या वर्णनात भाकर व प्याला यांची कथा सांगतात. योहान त्या रात्रीचे दीर्घ वर्णन करूनही भाकरीची व प्याल्याची ती कथा सांगत नाही, आणि तिच्या जागी पाय धुण्याचा प्रसंग ठेवतो. दोन्ही प्रसंगांत, भाकरीच्या बाबतीत लूकाच्या वृत्तांतात व पाय धुण्याच्या बाबतीत योहानाच्या, शिष्यांना तसेच करण्यास सांगितलेले आहे. योहानाच्या तेराव्या अध्यायातली आज्ञा तर कानांना अधिकच निःसंदिग्ध लागते. असे असता जवळजवळ सर्व धर्मसभांनी भाकर व प्याला यांना नित्य विधी मानले, आणि पाय धुण्याला मात्र कोणी वर्षातून एकदा करावयाचा उपचार केले, तर कोणी नम्रतेचा दृष्टांत म्हणून उपदेशापुरते राखले. याला जो अपवाद झाला तो आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात येऊन पोहोचला होता. जर्मनीतील श्वार्त्झेनाऊ येथे १७०८ साली उगम पावलेल्या ब्रदरन पंथाने दोन्ही आज्ञा सारख्याच बंधनकारक मानल्या. त्यांच्या प्रीतिभोजनात भाऊ भावाचे व बहीण बहिणीचे पाय धुई, मग सर्वजण एकत्र जेवीत, आणि त्यानंतर भाकर व प्याला घेतला जाई. या पंथाच्या अमेरिकेतील शाखेचे मिशन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गुजरातेत वलसाड येथे आले आणि पुढे डहाणूपर्यंत पसरले. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला मुक्तिफौज उभी आहे. १८८२ साली मुंबईत उतरलेली, अहमदनगर भागात रुग्णालय चालवणारी ही मंडळी बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोन्ही विधी पाळीत नाहीत. सारे आयुष्यच संस्काररूप व्हावे हे त्या वचनांचे तात्पर्य आहे, असे ती मानतात. एक पंथ दोन्ही वाक्यांना विधी म्हणतो, दुसरा दोन्हींना अर्थवाद मानतो, आणि बाकीचे बहुसंख्य लोक मध्ये कोठेतरी उभे राहतात. यांतील कोणालाही आळसाचा वा अश्रद्धेचा दोष देता येत नाही, हे ध्यानात ठेवूनच पुढे गेले पाहिजे.

पाय कोणाचे धुवावेत, हाही अधिकाराचाच प्रश्न. रोमन विधीत पुरुषांचेच पाय धुण्याचा नियम होता. २०१६ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांच्या आज्ञेवरून तो बदलला आणि स्त्रियांचाही त्यात समावेश होऊ शकला. सिरो-मलबार धर्मसभेने मात्र, रोमशी संपूर्ण ऐक्य राखूनही, आपल्या पौर्वात्य परंपरेस अनुसरून पुरुषांचाच प्रघात चालू ठेवला. तेव्हा एकाच पोपला मानणाऱ्या दोन देवळांत, एकाच गावी, एकाच सायंकाळी, हा फरक दिसू शकतो. जे लोक मतभेद म्हटला की कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट एवढी एकच भिंत डोळ्यांपुढे आणतात, त्यांनी हे उदाहरण विसरू नये.

हा विषय विठ्ठलवाडीत बसून लिहावा, असे वाटण्यास निव्वळ माझा मुक्काम येथे आहे एवढेच कारण नाही. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक व्यापाऱ्याने कल्याना नामक बंदरात इराणातून नेमून आलेला बिशप असल्याची नोंद केली आहे. ते बंदर म्हणजे आपल्या शेजारचे कल्याण होय, असे कित्येक इतिहासकारांचे मत आहे. ठाण्यात १३२१ साली जे चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, ते उतरले होते एका नेस्तोरियन, म्हणजे सिरियन परंपरेच्या, ख्रिस्ती गृहस्थाच्या घरी; म्हणजे लॅटिन व सिरियन अशा दोन वाचनपरंपरा सातशे वर्षांपूर्वी या खाडीकाठी एका छपराखाली नांदत होत्या. पुढे पोर्तुगीज अमलात वसई, साष्टी व ठाणे भागातील वाडवळ, सामवेदी, कोळी, आगरी इत्यादी समाजांतील पुष्कळ लोक कॅथलिक झाले. इंग्रज अमलात देशावरून मराठी प्रॉटेस्टंट कुटुंबे रेल्वेच्या, शिक्षकीच्या व परिचारिकेच्या नोकऱ्यांच्या निमित्ताने इकडे सरकली. फाळणीनंतर लष्कराच्या ओस पडलेल्या छावणीत सिंधी निर्वासित आले, त्या छावणीचे १९४९ साली उल्हासनगर झाले, आणि कारखान्यांच्या ओढीने तमिळ, तेलुगू, मल्याळी माणसे वसली. कल्याणला सिरो-मलबार धर्मप्रांताची स्थापना १९८८ साली झाली. केरळातल्या एखाद्या जुन्या गावी पिढ्यानपिढ्या एकाच परंपरेत राहणाऱ्या माणसाला शेजारच्या वाचनाची जी ओळख होत नाही, ती येथे रेशनच्या रांगेत आणि लोकलच्या डब्यात होते.

मी स्वतः प्रॉटेस्टंट घरात वाढलो. लहानपणी एका कॅथलिक सोबत्याने धर्मगुरूंना ‘फादर’ म्हटलेले ऐकले तेव्हा, मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात पृथ्वीवर कोणाला पिता म्हणण्याची मनाई आहे हे मला पाठ असल्याने, मी मोठ्या तोऱ्याने त्याला अडवले होते. पुढे तो अध्याय पुन्हा शांतपणे वाचला तेव्हा उमगले की त्याच ठिकाणी, लागोपाठच्या वाक्यांत, गुरू म्हणवून घेण्याचीही मनाई आहे. आणि आम्ही तर आमच्या वडील मंडळींना रेव्हरंड, डॉक्टर, शास्त्री, पंडिता अशा पदव्यांनी आनंदाने संबोधीत आलो. कॅथलिक भाष्यकार म्हणतात की निषेध शब्दाचा नाही, परूशी या यहुदी पंथीयांच्या मानलोलुपतेचा आहे. पौलाने करिंथच्या मंडळीस लिहिताना स्वतःला त्यांचा बाप म्हटलेच आहे. केरळी ख्रिस्ती आपल्या धर्मगुरूला ‘अच्चन’ म्हणतात. त्याचाही अर्थ बापच. प्रॉटेस्टंट परंपरेने वाच्यार्थ धरला, पण तो पहिल्या वाक्यापुरता. दुसऱ्या वाक्याशी येताच तिनेही लक्षणेचा आश्रय केला. ज्या मुलखात ज्ञानेश्वरांना माउली म्हणतात, तेथल्या माणसाला या वादातली गोम लवकर कळावी. नाते जोडणारा शब्द वेगळा आणि सत्ता बसवणारा शब्द वेगळा. त्या अध्यायाचा रोख सत्तेवर आहे, असे माझे आजचे मत आहे, आणि त्या सोबत्यापुढे मी चुकलो होतो हेही येथे नमूद करतो.

धनवान तरुणाच्या कथेत अधिकारी कोण हा प्रश्न आणखी तीव्र होतो. सर्वस्व विकून दरिद्र्यांना द्यावे, असे येशूने त्या एकट्या तरुणाला सांगितले की प्रत्येक शिष्याला? तिसऱ्या शतकात ईजिप्तमधील अँथनीने हे वचन देवळात ऐकले, आणि ते जणू आपल्याला उद्देशूनच वाचले गेले असे समजून आपली जमीन देऊन टाकली. ख्रिस्ती संन्यासाच्या इतिहासातले हे एक आद्य पर्व होय. त्याच ईजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने त्यापूर्वीच प्रतिपादन केले होते की सोडावयाचे ते धन नव्हे, धनाची आसक्ती. पुढे कॅथलिक धर्मसभेने सर्वांसाठी आज्ञा आणि व्रतस्थांसाठी उपदेश अशी दोन दालने केली. लूथरने ती भिंत पाडली, पण भिंत पडल्यावर त्यागाची धार सर्वांसाठी सारखीच बोथट झाली, ही टीकाही प्रॉटेस्टंटांना ऐकून घेतली पाहिजे. आपल्या महाराष्ट्रात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी या प्रश्नाला आपल्या परीने उत्तर दिले. नागपुराहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. तो वाचताना डोंगरावरील प्रवचनापाशी त्यांचे मन असे गुंतले की १८९५ साली त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. मात्र त्या प्रवचनाची ओढ बाप्तिस्म्याने संपली नाही. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी चाकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली, आणि ज्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोघेही ख्रिस्तशिष्य एकत्र येऊ शकतील असा ‘देवाचा दरबार’ उभा करण्यास आरंभ केला. ज्या मंडळ्यांच्या मते बाप्तिस्मा हीच प्रवेशाची सनद, त्यांना हे रुचणे कठीण होते. टिळक १९१९ साली वारले, आणि दरबाराला त्यांच्याइतका समर्थ कारभारी पुढे लाभला नाही.

दुसरा गाल पुढे करण्याच्या वचनाविषयी येथे फार लिहीत नाही, कारण त्यासाठी पुढे स्वतंत्र प्रकरण आहे. इतकेच म्हणतो की अंबरनाथला सरकारी शस्त्रसामग्रीचा कारखाना आहे, आणि त्या कारखान्यात नोकरी करून प्रामाणिकपणे संसार केलेली ख्रिस्ती माणसे या भागात आहेत. ऑगस्टिनापासून न्याय्य युद्धाची जी विचारसरणी चालत आली, तिच्या मते ते वचन व्यक्तीच्या वैरभावाला लागू आहे, राज्याच्या संरक्षणकर्तव्याला नव्हे. उलट ब्रदरन, मेनोनाइट, क्वेकर या शांततावादी पंथांनी शस्त्र हाती धरणेच वर्ज्य मानले. टॉलस्टॉयने याच वाचनाला आधुनिक जगापुढे मांडले व गांधीजींनी ते उचलले. शांततावाद्यांचे वाचन मूळ शब्दांशी अधिक इमान राखते, असे मला वाटते. परंतु सीमेवर मुलगा धाडलेल्या आईपुढे हे बोलताना माझा आवाज खाली येतो, हेही मला लपवायचे नाही.

आता ज्या वचनाने सर्वांत अधिक घरे प्रत्यक्ष कचेरीत आणि न्यायालयात खेचली, त्याकडे वळतो. घटस्फोटाविषयीचे येशूचे शब्द मार्कात व लूकात निरपवाद आहेत. मत्तयात दोन ठिकाणी एका अपवादाची पुस्ती आहे, आणि त्या अपवादासाठी जो ग्रीक शब्द आला आहे त्याचा अर्थ व्यभिचार, की निषिद्ध नात्यातला विवाह, यावर विद्वानांत मतभेद आहे. वैयाकरणांच्या परिभाषेत उत्सर्ग आणि अपवाद यांतले बलवान कोण, हाच हा वाद. कॅथलिक धर्मसभेने उत्सर्ग बलवान ठरवला : यथाविधी झालेला विवाह मरणापर्यंत अभेद्य, धर्मसभेचे न्यायमंडळ फार तर तो विवाह मुळातच शून्य होता असा निर्वाळा देऊ शकते. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेने आदर्श तोच राखून मानवी दुबळेपणासाठी दयेची वाट ठेवली, आणि दुसऱ्या विवाहाच्या विधीत पश्चात्तापाचा सूर आणला. प्रॉटेस्टंटांनी मत्तयाच्या अपवादावर भर दिला, आणि इंग्लंडातील कायद्यामागून तो भर १८६९ च्या भारतीय घटस्फोट अधिनियमात उतरला. येथे एक अन्याय झाला, ज्याचा शुभवर्तमानाशी काही संबंध नव्हता. पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य, परित्याग यांसारखे आणखी काहीतरी शाबीत करावे लागे. मत्तयाच्या वचनात पुरुष पत्नीला टाकतो एवढीच कल्पना आहे, कारण तत्कालीन यहुदी समाजात तो हक्क पुरुषालाच होता. मार्काने दोन्ही बाजू बोलून दाखवल्या आहेत. व्हिक्टोरियन कायदेपंडितांनी आपल्या काळाची असमानता अधिनियमात घातली, आणि शंभराहून अधिक वर्षे ख्रिस्ती स्त्रिया तिचे ओझे वाहत राहिल्या. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही असमानता घटनाबाह्य ठरवली, आणि २००१ साली संसदेने कायदा दुरुस्त करून परस्परसंमतीचीही वाट मोकळी केली. तरीही कॅथलिक स्त्रीला अद्याप दोन दरवाजे ठोठावावे लागतात : न्यायालयाचा हुकूमनामा धर्मसभेत चालत नाही, आणि धर्मसभेचा निर्वाळा कायद्याच्या दफ्तरात चालत नाही, या दुसऱ्या मुद्द्यावरची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली फेटाळली. वचनाच्या अन्वयार्थाचा प्रश्न हा केवळ धर्मशास्त्र्यांच्या फावल्या वेळचा उद्योग आहे, असे ज्यांना वाटते, त्यांनी हा मजकूर दोनदा वाचावा.

भाषांतराचा प्रश्न या सर्वांच्या मुळाशी आहे. लॅटिन बायबलात जेथे प्रायश्चित्त करा असा ध्वनी होता, तेथे मूळ ग्रीकात मन पालटा असा अर्थ आहे, हे इरॅस्मसने दाखवले, आणि १५१७ साली लूथरने आपल्या पंचाण्णव सूत्रांचा आरंभच त्या शब्दापासून केला. मराठीत आपण ‘पश्चात्ताप’ म्हणतो. त्यात ताप आहे, पण पालटणे पुरते आलेले नाही, ही रुखरुख मला नेहमी लागते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली रायतूरला छापलेल्या आपल्या पुराणात, सुमारे अकरा हजार ओव्यांतून, स्वर्गाला निःसंकोच वैकुंठ म्हटले. तीन शतकांनंतर केडगावी पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबलाचे जे भाषांतर केले, त्यात हिंदू उपासनेचा वास येणारे शब्द शक्य तेथे टाळून खेड्यातल्या बाईलाही कळेल अशी साधी मराठी पत्करली. दोघांचा हेतू एकच होता, आणि दोघांनी दोन उलट मार्ग घेतले. आज आमच्यात कोणी बाप्तिस्मा म्हणतो, कोणी स्नानसंस्कार. कोणी प्रभुभोजन, कोणी मिस्सा, आणि केरळी शेजारी कुर्बाना. हा शेवटचा शब्द सिरियाक आहे, पण मराठीत फारसीमार्गे आलेल्या कुर्बानीचा तो सख्खा भाऊ होय. नुसते शब्द ऐकूनही जाणत्याला कळते की बोलणारा भोजनाकडे पाहतो आहे की बलिदानाकडे. अलीकडे वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले, ते कॅथलिकांइतकेच इतर मराठी वाचकांच्याही घरात गेले, आणि त्याच दिब्रिटोंना २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. मराठी ख्रिस्ती लेखनाचा तो मोठा गौरव होता.

अर्थ कोणी ठरवावा, या प्रश्नाची सर्वांत तेजस्वी कथा मात्र रमाबाईंचीच आहे, आणि ती सांगितल्यावाचून मला ही प्रस्तावना पुरी करता येत नाही. येशूने आपला शिष्य पेत्र याला खडक म्हटल्याचे जे वचन आहे, त्यावरून रोम म्हणते की अंतिम निर्णयाचा अधिकार पेत्राच्या गादीला. ऑर्थोडॉक्स म्हणतात, सर्व बिशपांच्या एकमताला. प्रॉटेस्टंट म्हणतात, खडक म्हणजे पेत्राने दिलेली कबुली, म्हणून अधिकार ग्रंथाला. हे सर्व वाद रमाबाईंना इंग्लंडात गेल्यावर एकदम सामोरे आले. १८८३ साली वाँटेज येथे अँग्लिकन भगिनींच्या मठात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु पुढे सिस्टर जेराल्डीन व चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात त्या त्रैक्यापासून धर्माचार्यांच्या सत्तेपर्यंत एकेका मुद्द्यावर स्वतः ग्रंथ उघडून प्रश्न करतात. क्रुसावर लॅटिन अक्षरे का, आमच्या भाषेतली का नकोत, इथपर्यंत त्यांचे प्रश्न जातात. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडाखाली मान देण्यास त्या तयार नव्हत्या. सिस्टर जेराल्डीनना हा अहंकार वाटला. मला तसे वाटत नाही. कारण त्याच रमाबाईंनी लिहून ठेवले आहे की फुलहॅम येथे भगिनी पतित म्हटल्या गेलेल्या स्त्रियांची सेवा करताना त्यांनी पाहिल्या, या करुणेचा उगम कोठे आहे असे विचारले, आणि तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाचा चौथा अध्याय, शोमरोनी स्त्रीची कथा, वाचून दाखवली. त्या क्षणी त्यांचे मन जिंकले गेले. अधिकाराविषयी त्यांनी वाद घातला तो ज्या परंपरेशी, तिच्याच एका स्त्रीच्या आचरणाने त्यांना ग्रंथाचा अर्थ उघडला. पुढे १९०५ साली केडगावच्या मुक्तिसदनात मुलींवर जो आध्यात्मिक भर आला, अश्रू, प्रार्थना, अनोळखी भाषांतले उद्गार, त्याला रमाबाईंनी दडपले नाही. आज पेंटेकोस्टल इतिहासकार आपल्या भारतीय उगमांत त्या घटनेला मोठे स्थान देतात. १९२२ साली त्या गेल्या. त्यांच्याच छापखान्यात मुक्तीतल्या स्त्रियांनी खिळे जुळवलेले बायबल १९२४ साली पुरे झाले.

परंपरांचे हे सर्व मतभेद मिटावेत अशी माझी इच्छा आहे काय, असे कोणी विचारील. नागपुरास २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा धर्मसभा एक होऊन उत्तर भारताची धर्मसभा बनली, तेव्हा बालकांचा बाप्तिस्मा व प्रौढांचा बाप्तिस्मा हे दोन्ही तीत मान्य झाले. पाय धुणारे ब्रदरनही तीत सामील झाले. ते ऐक्य मला पूज्य वाटते. परंतु ऐक्याच्या घाईत आपल्या वाचनाचा आग्रहच कोणी सोडून द्यावा, हे मला मंजूर नाही. गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनी १५९९ साली उदयंपेरूरच्या सभेत केरळातील सिरियन ख्रिस्त्यांचे जुने ग्रंथ लॅटिन पाठाबरहुकूम दुरुस्त करविले आणि कित्येक जाळविले. ऐक्य करण्याची ती रीत होती, आणि चौपन्न वर्षांनी तिची परिणती फुटीत झाली. ज्या सिरियन प्रतींत व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची कथा नव्हती, त्यांत ती घालण्याचा ठराव त्या सभेने केला. इतकी क्षमाशील कथा इतक्या कठोर हातांनी ग्रंथात घातली जावी, याचे मला दुःख होते.

पुढील प्रकरणांत प्रत्येक उताऱ्याचे निरनिराळे वाचन शक्य तितक्या त्या त्या लोकांच्याच शब्दांत मांडले आहे, आणि माझे मत वेगळे असल्यास ते शेवटी स्वतंत्र परिच्छेदात दिले आहे, म्हणजे वाचकाला ते बाजूस ठेवता येईल. धर्मगुरू, पाळक, अच्चन यांपैकी कोणी या विवेचनात चूक दाखवल्यास मी ती दुरुस्त करीन. माझी वाचकांना एवढीच विनंती की प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी जो उतारा निर्दिष्ट केला आहे, तो मूळ ग्रंथातून, आपल्या घरात जे मराठी भाषांतर असेल त्यातून, आधी स्वतः वाचावा, आणि घरात ग्रंथ नसेल तर ख्रिस्ती शेजाऱ्याकडून मागून आणावा. तो आनंदाने देईल. पहिले प्रकरण योहानाच्या तेराव्या अध्यायाचे आहे. पान उलटण्यापूर्वी त्या अध्यायातली पहिली सतरा वचने, शक्य तर मोठ्याने, वाचावीत.

विठ्ठलवाडी